टाकी उपाशी नव्हती

१

फुगेवाल्याचं नाक कामातून गेलं होतं, आणि त्याबद्दल त्याच्या बायकोखेरीज कुणाचीच तक्रार नव्हती. गॅसवर दूध उतू जाऊन करपलं तरी हा शेजारच्या खुर्चीत खुशाल पेपर वाचत बसलेला. "तुमच्या नाकाला आता चष्मा पेलण्यापलीकडं काही काम उरलेलं नाही," ती म्हणायची. गावाचं सांडपाणी साफ करून नदीत सोडणाऱ्या प्लँटवर उभं आयुष्य काढूनही ज्याचं नाक शाबूत राहील, तो माणूस कामावर जातच नसणार, असं याचं ठरलेलं उत्तर.

प्लँट गावाच्या खालच्या अंगाला, नदीकाठी. गावातल्या प्रत्येक मोरीचं, न्हाणीघराचं, संडासाचं पाणी उतारानं तिथं येई. आधी जाळी लागे. जाळीत चिंध्या अडकत, पिशव्या अडकत, एकदा तर कुणाची कवळी अडकली होती; ती धुऊन, उकळून परत केली तेव्हा मालकानं ती त्याच्यादेखत तोंडात बसवली आणि आभार मानले, हे फुगेवाला शपथेवर सांगायचा. जाळीनंतर वाळू खाली बसे आणि मग ते गढूळ पाणी मोठ्या टाकीत शिरे. टाकीच्या तळातून ब्लोअर हवा सोडायचा, दिवसरात्र, त्यामुळं सबंध टाकी आधणासारखी बुडबुडत असे. त्या हवेवर डोळ्यांना न दिसणारे अब्जावधी जंतू जगत, आणि गावाची घाण हेच त्यांचं जेवण. त्यांचं जेवण आटोपलं की पाणी शेजारच्या गोल टाकीत निवळायचं आणि मग नदीत.

त्याची लेक लहान असताना ही टाकी बघून गेली आणि शाळेत सांगून बसली, "माझे बाबा फुगे बनवतात." गावानं ते नाव उचललं ते उचललंच. लेकीला घरात खारू म्हणत, कारण ती गालात शेंगदाणे साठवून ठेवायची आणि विचारलं की मानेनंच नाही म्हणायची. आता ती नदीच्या खालच्या अंगाला, मोठ्या गावात, होस्टेलवर राहून नर्सिंग शिकत होती. त्या गावाला प्यायला पाणी याच नदीचं. "बाबा, तुझ्या हातचं पाणी पिते मी," ती फोनवर म्हणायची, "जरा मन लावून काम करत जा."

टाकीला फुगेवाला 'जावई' म्हणत असे. कमी पडलं की रुसतो, जास्त झालं की पोट बिघडतं, आणि सतत हवा घालावी लागते. जावयाची तब्येत बघायची रीत साधी होती. रोज सकाळी टाकीतलं पाणी काचेच्या एका उंच नळकांड्यात भरायचं, ते खिडकीत ठेवायचं आणि चहा घ्यायचा. चहा होईतो गाळ खाली बसतो, वर स्वच्छ पाणी राहतं. गाळ दाट, तपकिरी बसला तर जावई खुशीत. पातळ, फिकट बसला तर उपाशी.

२

मग गिरणी बंद पडली.

गिरणीबरोबर गावही बंद पडल्यासारखं झालं. टेम्पोंवर कपाटं चढली, गॅलऱ्यांतल्या दोऱ्या रिकाम्या झाल्या. जे उरले ते उरले. प्लँटवर येणारं पाणी एवढं पातळ झालं, की वायरमन म्हणाला, "भाऊ, हे सांडपाणी नाही, हे तर विसळलेल्या भांड्याचं पाणी." वायरमन म्हणजे प्लँटवरचा दुसरा आणि शेवटचा माणूस.

घाण आली नाही तर जंतू मरतात, आणि जंतू मेले की पुढं येणारी घाण तशीच नदीत जाते. म्हणून अशा वेळी टाकीला हातानं भरवावं लागतं. साखर कारखान्याची मळी, सडकं पीठ, जे मिळेल ते. फुगेवाला सकाळ-संध्याकाळ मळीची बादली घेऊन टाकीच्या कठड्यावर उभा राहायचा. "घ्या, जावईबापू. घ्या अजून थोडं. लाजू नका."

काही आठवड्यांनी मळी पोचवणारा ट्रकवाला यायचा थांबला. फोन केला तर म्हणाला, येतो. आला नाही. पुन्हा केला तर म्हणाला, कसली मळी?

फुगेवाल्यानं रिकामं पिंप पालथं घातलं आणि जावयाची काळजी करत बसला. आता गाळ फिकट होईल, मग विस्कटेल, मग गोल टाकीतून वर तरंगून नदीत जाईल. त्यानं हे पूर्वी एकदा पाहिलं होतं. रोज सकाळी नळकांडं भरलं की तो चहा विसरून त्याच्यासमोरच बसून राहायचा.

गाळ फिकट झाला नाही.

गाळ दाट होत गेला. आधी नळकांड्याच्या तळाशी चार बोटं, मग वीतभर. रंग भाजलेल्या कॉफीसारखा. वरचं पाणी इतकं नितळ की नळकांडं रिकामंच आहे असं वाटून वायरमननं त्यात हात घातला.

"भाऊ, तुम्ही चोरून काही घालताय का?"

"काय घालू? माझा डबा?"

"मग हा खातोय काय?"

"कुणाच्या घरी जेवायला जात असेल," फुगेवाला म्हणाला, आणि दोघं हसले. हसताना वायरमन टाकीकडं पाहत होता. टाकीवर पांढरा फेस आला होता, जाड, सायीसारखा, आणि बुडबुडे फुटायच्या जागी तो हळूहळू वर-खाली होत होता.

३

न्हाव्याच्या दुकानात फुगेवाला दर पंधरवड्याला जायचा तो केस कापायला कमी आणि ऐकायला जास्त. न्हाव्याची जीभ कात्रीपेक्षा जोरात चालायची. कुणाचं कुणाशी बिनसलं, कुणाची सून कुणाला काय बोलली, सगळं तिथं कळायचं. त्या दिवशी न्हाव्यानं त्याला खुर्चीत बसवलं, कापड गुंडाळलं आणि केस कापले. संपलं.

"आज मौन आहे का?" फुगेवाल्यानं विचारलं.

"बोलायचं काय?"

"काहीही. तुझ्या भावाचा तो जागेचा तंटा?"

न्हाव्यानं आरशातून त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही, दुःखानं नाही. बंद दुकानाची पाटी वाचावी तसं. "हो," तो म्हणाला, "भाऊ होता खरा एक."

रस्त्यावर बाहेर आल्यावर फुगेवाल्याला जाणवलं ते असं, की आवाज नाही. पंपापाशी दोन शेजारणी पाण्यासाठी उभ्या होत्या. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या, भांडणाची लाज नसलेल्या दोघी. एकीनं दुसरीची कळशी भरून दिली आणि दोघी आपापल्या वाटेनं गेल्या. गावात शांतता नांदते आहे, असं कुणी पाहुणा म्हणाला असता. फुगेवाल्याला मात्र घाम फुटला, आणि मग स्वतःचंच हसू आलं. माणसं भांडत नाहीत म्हणून घाबरणारा मीच पहिला.

त्याच आठवड्यात बायकोनं खारूचं पांघरूण धुवायला काढलं. पोर होस्टेलवर गेल्यापासून तिनं ते धुतलं नव्हतं. उशीखाली घेऊन झोपायची. वास येतो म्हणायची पोरीचा. याला काय कळणार, याचं नाक मेलेलं. त्या दिवशी तिनं ते मोरीत घेतलं, साबण लावला, आपटलं, पिळलं, वाळत घातलं. संध्याकाळी घडी घालताना म्हणाली, "अहो, हे कुणाचं हो?"

"काय कुणाचं?"

"हे पांघरूण. आपल्याकडं फुलाफुलांचं कधी होतं?"

तो हसला, कारण तिची ती गंमत असणार असं त्याला वाटलं. ती हसली नाही. तिनं पांघरूण कपाटात सगळ्यात खाली, जुन्या पिशव्यांजवळ ठेवलं आणि भाजी चिरायला बसली.

४

"आई मला अहो-जाहो करतेय," खारू फोनवर म्हणाली. "बाबा, ती रागावलीय का माझ्यावर?"

"छे गं. दमलीय."

"मी विचारलं, काय जेवलीस, तर म्हणते, जेवलो आम्ही, तुमचं झालं का? तुमचं! मी काय पोस्टमन आहे?"

"मी बघतो."

त्यानं बघितलं. बायकोला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी मारली, आज वार कोणता ते विचारलं. सगळी उत्तरं बरोबर आली. "मुलं किती?" डॉक्टरांनी विचारलं. "नाही झाली," ती म्हणाली, इतक्या साध्या आवाजात, की डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला. फुगेवाला मध्ये बोलायला गेला. पण डॉक्टरांनीही काही विशेष वाटल्यासारखं दाखवलं नाही. खारूला लहानपणी गोवराची इंजेक्शनं यांनीच दिली होती.

वय होतं, थकवा होता, गिरणी बंद पडल्याचा धक्का होता. फुगेवाला स्वतःला कारणं द्यायचा आणि कारणं पटायचीही. रात्रीच्या जेवणापर्यंत पुरायची.

दरम्यान मोठे साहेब तपासणीला आले. त्यांनी नदीत सुटणारं पाणी बाटलीत घेतलं, उजेडाला धरलं, पुन्हा धरलं. "काय केलंत काय तुम्ही?" ते म्हणाले. "असं पाणी मी कुठल्याच प्लँटवर बघितलं नाही. आवक निम्मी, मळी बंद, आणि पाणी असं?"

"काही नाही साहेब. आपोआपच."

"आपोआप चांगलं होऊ लागलं तर हात लावायचा नाही," साहेब म्हणाले, आणि टाकीच्या कठड्यावरचा फेस बोटावर घेऊन त्यांनी तो नळाखाली धुतला. जाताना ते गाडीत बसले आणि बराच वेळ बसून राहिले. मग काच खाली करून त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "आपण कुठं जायचं होतं?"

५

जावयाच्या तब्येतीची खात्री करायची आणखी एक रीत होती. ब्लोअर थोडा वेळ बंद करायचा. हवा थांबली की टाकी शांत होते, गाळ बसू लागतो, आणि तळापर्यंत काही गडबड असली तर वर दिसते. फार वेळ मात्र बंद ठेवायचं नाही. जंतू गुदमरतात.

दुपारची वेळ होती. वायरमन गावात गेलेला. फुगेवाल्यानं ब्लोअरच्या खोलीत जाऊन खटका खाली ओढला.

ब्लोअरचा आवाज इतक्या वर्षांत त्याच्या कानाला ऐकूच येईनासा झाला होता. बंद झाला तेव्हा तो ऐकू आला, म्हणजे त्याचं नसणं. बुडबुडे विरळ झाले, मोठे झाले, थांबले. फेसाचा थर टाकीवर अंथरल्यासारखा सपाट झाला. ऊन त्यावर पडलं होतं. कठड्याचं लोखंड गरम होतं. कुठं पान हललं नाही.

मग टाकी बोलू लागली.

आधी त्याला वाटलं, पाइपातून उरलेली हवा येतेय. तसंच असणार होतं. पण हवेला सूर नसतो. खालून, खूप खालून, एका वेळी खूप जण दबक्या आवाजात बोलत होते, भिंतीपलीकडच्या लग्नघरासारखं. त्यातलं एकेक मग वेगळं होऊ लागलं. एक पुरुष दुसऱ्याला म्हणत होता, माझ्या बापाची जागा आहे ती, तुझ्या एकट्याच्या बापाची नाही. तो न्हाव्याचा आवाज होता. दोघी बायका कचकचून भांडत होत्या. कुणीतरी रडत होतं, कुणीतरी रडणाऱ्याला गप्प करत होतं. आणि या सगळ्याच्या वर, अगदी फेसाच्या खाली, त्याच्या बायकोचा आवाज आला. स्वयंपाकघरातून अंगणात हाक मारताना ती लावायची तो सूर, वैतागलेला आणि लाडाचा.

"खारू! ए खारू! किती वेळ झाला, जेवायला ये बघू!"

फेस एका ठिकाणी वर उचलला गेला. कुणी खालून डोकं वर काढावं तसा. फुगेवाल्यानं पाहिलं आणि लगेच नजर वळवली. काय पाहिलं ते त्यानं वायरमनला सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्याला सांगता आलं नसतं. तोंड होतं की नुसतीच उघडी पोकळी होती, एवढाच काय तो प्रश्न.

तो धावला आणि खटका वर ढकलला. बुडबुडे परत आले. त्यांच्या आवाजात सगळं बुडालं.

६

टाकीला न जेवू घालता सांडपाणी सोडायची एक सोय प्रत्येक प्लँटवर असते. जाळीच्या पुढं एक लोखंडी गेट. चाक फिरवलं की पाणी टाकीला वळसा घालून थेट नदीत. पुरात, मोठ्या दुरुस्तीत, तेही साहेबांच्या परवानगीनं उघडायचं. एरवी गेट उघडलं तर घाण साफ न होता खालच्या गावांच्या घशात.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुगेवाल्यानं ते चाक फिरवलं. गंजलेलं होतं. वायरमन बघत उभा राहिला, मदतीला आला नाही, अडवलंही नाही.

"भाऊ, खाली तुमची लेक आहे ना?"

"दोन दिवस," फुगेवाला म्हणाला. "फक्त दोन दिवस. हा उपाशी राहिला की बघू काय होतं."

जे झालं ते लगेच झालं. संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा बायको कपाटासमोर जमिनीवर बसली होती. फुलाफुलांचं पांघरूण तिच्या मांडीवर. ती हुंदके देत होती. "अहो, मी हे धुतलं! कसं धुतलं मी? सगळा वास गेला हो तिचा!" त्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. इतक्या आठवड्यांनी तिचं रडणं ऐकून त्याला एवढं बरं वाटेल, असं कुणी सांगितलं असतं तर त्यानं त्याला थोबाडीत मारली असती. खिडकीबाहेर दोन्ही शेजारणींचं भांडण पेटलं होतं. तो मुद्दाम खिडकी उघडून ऐकत बसला. फार सुंदर भांडत होत्या.

बायकोनं खारूला फोन लावला. बोलता बोलता हसली, रडली, ओरडली. मग फोन त्याच्याकडं दिला.

"बाबा," खारूचा आवाज बारीक होता. "तिकडं काही झालंय का? आज पाण्याला घाण वास येतोय. आमच्या मजल्यावर सगळ्यांना उलट्या, जुलाब. मला सलाईन लावलंय. तसं काळजीचं नाही. पण आमच्या वॉर्डात दोन लहान मुलं आणलीत, त्यांचं काही खरं नाही."

फुगेवाल्यानं उघडी खिडकी लावून घेतली.

"बाबा? ऐकतोयस ना? तू नीट काम करतोयस ना?"

"हो," तो म्हणाला. "करतो."

तो तसाच, जेवण टाकून, प्लँटवर गेला. अजून उजेड होता. त्यानं चाक उलटं फिरवलं, अगदी गच्च बसेपर्यंत, आणि त्याला कुलूप घातलं. पाणी टाकीकडं वळलं. टाकी काही क्षण थांबल्यासारखी झाली आणि मग फेस कठड्यापर्यंत चढला, एखाद्यानं मान वर करावी तसा.

"घ्या," फुगेवाला म्हणाला. आवाजात थट्टा नव्हती. "घ्या, जावईबापू."

७

माणूस जे धुतो त्याच्याबरोबर त्याचं आपलं माणूसही टाकीत धुऊन जातं, एवढं त्याला उमगलं होतं. त्यानं जमेल ते केलं. बायकोला मोरीत हात धुऊ देईना, पाणी झाडाला घाल म्हणू लागला. ती म्हणाली, वेड लागलंय तुम्हाला, आणि पुढच्याच वेळी विसरून गेली. स्वतः त्यानं अंघोळ सोडली. वायरमन वारा येतो त्या बाजूला उभा राहू लागला. "भाऊ, माझं नाक अजून जिवंत आहे," तो म्हणाला. पण ते म्हणतानाही त्याला तसं काही म्हणायचं नव्हतं, नुसती सवय बोलत होती.

रोज सकाळी नळकांडं भरताना फुगेवाला मोठ्यानं म्हणायचा, "खारू. माझी लेक. खाली शिकते. तिच्यासाठी गेट बंद." हे म्हणताना तो गाळाकडं बघायचा. गाळ आता नळकांड्याच्या निम्म्यावर आला होता.

पण माणूस किती दिवस हात न धुता राहणार? एकदा जाळीतली घाण काढताना ती तोंडावर उडाली. एकदा पाऊस आला आणि तो भिजला, आणि ते पाणी गटारात गेलं. गावात आलेला एक औषधविक्रेता लॉजवर अंघोळ करून बाहेर पडला आणि दिवसभर स्टँडवर बॅग मांडीवर घेऊन बसून होता. कुणी विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात गावाला काही वाटलं नाही.

"भाऊ," वायरमननं एकदा विचारलं, "तुम्हाला फुगेवाला का म्हणतात?"

"बुडबुड्यांमुळं असणार."

"कुणी पाडलं नाव?"

फुगेवाल्यानं विचार केला. टाकीकडं पाहिलं. "गावानंच," तो म्हणाला. दोघं चहा प्यायले.

फोन वाजायचा. एक मुलगी बोलायची. तो चांगलं बोलायचा तिच्याशी. हो, तब्येत ठीक आहे. हो, पाणी स्वच्छ आहे. ती कधी कधी रडायची, तेव्हा तो फोन कानाला धरून ती थांबेपर्यंत थांबायचा, कारण मध्येच ठेवणं बरं दिसत नाही. सकाळी नळकांड्यासमोर तो अजूनही काहीतरी म्हणायचा. एवढंच म्हणायचा, "गेट बंद." ते मात्र त्यानं सोडलं नाही. कुलपाची किल्ली गळ्यात घालून फिरायचा.

८

एका दुपारी प्लँटच्या फाटकापाशी एक मुलगी आली. खांद्याला पिशवी, चेहरा प्रवासानं उतरलेला. ती त्याच्याकडं बघत उभी राहिली.

"या ना," फुगेवाला म्हणाला. "प्लँट बघायचाय का?"

"बाबा," ती म्हणाली. "आईनं दार उघडलं. मला विचारलं, कोण पाहिजे."

या वयाच्या माणसाला पोरी बाबा म्हणतात, त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. चांगल्या घरातली दिसत होती. "ऊन लागलंय तुम्हाला," तो म्हणाला. "सावलीत चला."

तिनं त्याच्या शर्टाची बाही धरली. "बाबा, मी खारू. बघ ना माझ्याकडं. बघ!"

त्यानं बघितलं. बारीक अंगाची, मोठ्या डोळ्यांची मुलगी. कुठंतरी आत, चप्पल शोधताना पाय चाचपडावा तसं त्याच्यात काहीतरी चाचपडलं. मग थांबलं. तिचं दुःख कमी व्हावं म्हणून तो तिला प्लँट दाखवू लागला, कारण त्याला तेवढंच येत होतं. ही जाळी. इथं वाळू बसते. ही टाकी, हिच्यात जंतू असतात, ते गावाची सगळी घाण खातात. ही गोल टाकी, इथं निवळतं. आणि ती बघा नदी. बाटलीत घेऊन बघा, आरपार दिसतं. मुलगी त्याच्या मागून चालत होती, तोंडावर हात दाबून.

"हे पाणी खाली मोठ्या गावाला जातं," तो म्हणाला. "तिथं लोक पितात."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी पिते."

"मग निर्धास्त पीत जा." त्यानं गळ्यातली किल्ली तिला दाखवली. "हे गेट मी कधी उघडत नाही. साहेबांनी सांगितलं तरी नाही. खाली माझं कुणीतरी आहे."

"कोण आहे?" तिचा आवाज चिरला. "बाबा, सांग. कोण आहे?"

त्यानं आठवायचा प्रयत्न केला, खरोखर केला. कपाळाला आठ्या पडल्या. टाकी शेजारी बुडबुडत होती. "आठवेल," तो म्हणाला. "कुणीतरी आहे एवढं नक्की. म्हणून तर."

मग मात्र ती भिंतीला टेकून खाली बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडली. तिला मोठ्यानं रडताना बघून त्याला कसंसंच झालं, कारण गावात असं कुणी रडल्याला बरेच दिवस झाले होते. काय करावं ते सुचेना. ऑफिसच्या बाहेर एक नळ होता, कामगारांनी हातपाय धुवायचा. त्याचं पाणी खालच्या नाल्यानं टाकीतच जायचं.

"उठा," तो म्हणाला. "तोंड धुऊन घ्या. बरं वाटेल."

तिनं नळ सोडला. ओंजळी भरभरून तोंडावर मारल्या, डोळ्यांवर, मानेवर. पाणी तिच्या हनुवटीवरून, कोपरांवरून गळत नाल्यात गेलं. पलीकडं टाकीतला फेस थोडा उचलला गेला आणि बसला. फुगेवाल्यानं आपला पंचा पुढं केला. तिनं तोंड पुसलं, नीट, कानांमागंही, आणि पंचा घडी घालून परत दिला.

तिचा चेहरा आता शांत होता. तिनं इकडं तिकडं पाहिलं, टाकीकडं, नदीकडं, मग त्याच्याकडं.

"काका," ती म्हणाली, "इथून स्टँडकडं कसं जायचं?"

त्यानं तिला फाटकापर्यंत सोडलं. बंद गिरणीवरून सरळ, मग न्हाव्याच्या दुकानापाशी डावीकडं. तिनं मान डोलावली, पिशवी खांद्यावर घेतली. चार पावलं गेली असेल, तोच त्याला वाटलं काहीतरी म्हणावं. एकटी पोर, लांबचा प्रवास. म्हणायची रीत असते.

"पोचलीस की घरी फोन कर हं," तो म्हणाला.

ती थांबली. तिनं वळून क्षणभर विचार केला.

"हो," ती म्हणाली. "करते ना."